नवा शॉवर आन् मागच्या दारचा अळू

हॅलो?… हां वृषाली, हळू बोल गं… तुझ्या माहेरीच हाय अजून. पप्पूच्या कांद्याचं औषध देऊन निघणार व्हतो, आईंनी जेवायला ठेवून घेतलं… आता? बाथरूममधी. कडी लावून… आंघोळ कवाच झाली गं!

ऐक ना. आईंनी अळूवड्या केल्यात. ताट वाढून बसल्यात… न्हाई खाल्ल्या. पोट बिघडलंय म्हणालो… तेच तर! त्यांना वाटतंय जावई रुसला. मी जेवल्याबिगर त्या घास घेणार न्हाईत, आन् शुगरची गोळी घेऊन बसल्यात. चक्कर आली म्हंजे?…

अगं खाल्ल्या असत्या, पण… चिडू नको. पप्पूनं नवा शॉवर बसवलाय. म्हणला, दाजी, उद्घाटन तुमच्या हातनं… हो, हो, केलं. जरा जास्तच केलं… जास्त म्हंजे… अंगावर गार पाणी पडलं की मला… हां. तेच.

शी काय! लोकं म्हणतात, संडासात फ्लशला जाणारं पाणी वाचतं… मोबाईलवर बघितलं… आपल्या घरी? न्हाई गं… म्हंजे, कधीमधी… बरं, रोज. पण मागनं पाणी ओततो ना!…

पुढचं ऐक. टॉवेल वाळत घालाया मागच्या दारी गेलो, तर सांडपाण्याचा पाईप थेट अळूच्या वाफ्यात! आन् आई तिकडनंच पदरात पानं घेऊन आल्या… हसतीस काय? दिवसभर दुकानात युरिया विकतो राव मी, पण असा घरपोच कुणाला दिला न्हाई…

सांगू? काय सांगू? आई, वड्यांत माझाबी वाटा हाय? आत्ता कुठं चारचौघांत म्हणाया लागल्यात, जावई लई स्वच्छ हाय म्हणून…

मी खाईन गं, माझं मला. पर त्याबी खाणार ना! त्यांना कसं खाऊ देऊ?… लाज वाटती म्हणूनच तर आत बसलोय!

थांब… कोण? आई? कुठनं बोलताय?… जाळीतनं? ही जाळी चुलीवरच उघडती व्हय?… कवापासनं ऐकताय?…

उद्घाटनापासनं.

थांब गं वृषाली… काय म्हणता आई?… पानं मळ्यातली? मागच्या दारानं आत आल्या फक्त?… मग हा वाफा?… कधीच तोडत न्हाई? का?…

हां. घरात गडी माणसं हायेत म्हणून.

हो आई… वाढा, आलो. तुमी आधी घास घ्या… हो, हो, दोन बादल्या ओतूनच येतो. वृषाली, ठेव आता… आई, फिनेल कुठंय?