कोरड्या रात्रींची कॅलेंडरं

सन्माननीय अध्यक्ष शांतारामभाऊ, व्यासपीठावरचे फादर पॉल, उद्यापासून माझा दवाखाना सांभाळणारे जितेश, मनवेलपाड्याच्या नागरिक मंडळाचे पदाधिकारी आणि लेकरं मांडीवर घेऊन बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो,

शांतारामभाऊंनी माझा उल्लेख ‘डॉक्टर आलोशियस’ असा केला. भाऊ, आज निरोपाचा दिवस आहे, म्हणून सांगून टाकतो. माझ्याकडे कायरोप्रॅक्टिकचा, म्हणजे मणके दाबून उपचार करण्याचा, चार महिन्यांचा कोर्स आहे, तोही मुंबईत रविवारी भरणारा. पाटीवर मी कधी डॉक्टर लिहिलं नाही. पण लोक म्हणत गेले आणि मी ऐकत गेलो. ऐकायला कोणाला आवडत नाही?

मंडळाने माझ्या पाठीमागे ही कॅलेंडरं लावली आहेत. सहाशे बारा आहेत म्हणे. नव्यांसाठी सांगतो. अंथरूण ओलं करणारं किंवा आठ-आठ दिवस पोट साफ न होणारं मूल आलं, की मी त्याच्या कमरेचे मणके दाबायचो आणि आईला सांगायचो, रात्र कोरडी गेली की कॅलेंडरवर खूण करा. ओळीने तीस खुणा झाल्या की ती आई पेढे घेऊन यायची आणि कॅलेंडर माझ्या भिंतीवर लागायचं. त्या भिंतीचा मला फार अभिमान होता.

डावीकडून तिसरं कॅलेंडर सुरुचीचं आहे. शहाण्णव साली, म्हणजे दहा वर्षांपूर्वी, ती सहा वर्षांची होती. तिची आई यमुना अर्नाळ्याची, मासळी विकते. आज समोरच बसली आहे. संध्याकाळनंतर पाणी कमी द्या, असं मी तिला सांगितलं होतं. नळाला एक दिवसाआड पाणी, त्यात रोज गोधडी धुवायची. खुणा लवकर व्हाव्यात म्हणून यमुनाने दुपारपासूनच पोरीचं पाणी तोडलं. घरात संडास नव्हता. पहाटे आईबरोबर बाहेर जाऊन आली तर आली, नाहीतर दुसऱ्या पहाटेपर्यंत दाबून धरायचं. तीस रात्री कोरड्या गेल्या. पोट मात्र दगडासारखं झालं होतं. मी कमर आणखी जोरात दाबली.

मघाशी फादर, तुम्ही माझ्या हातगुणाबद्दल बोललात, त्याबद्दल आभारी आहे.

तर सुरुचीला थंडी वाजून ताप यायचा. एकदा नाही, चार-पाचदा. यमुना विचारायची, मी म्हणायचो, उष्णता आहे. मला माहीत नव्हतं हे खरं. पण ‘मला माहीत नाही, मोठ्या डॉक्टरकडे ने’ एवढं म्हणता आलं असतं. म्हटलं नाही, कारण कॅलेंडर भिंतीवर लागलं होतं. बरी झालेली मुलगी परत आजारी कशी म्हणायची? तिसऱ्या वर्षी तिच्या तोंडावर सूज आली, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की लघवी साठून, ताप येऊन येऊन दोन्ही मूत्रपिंडं खराब झाली आहेत.

भगिनींनो, बाकीच्या सहाशे अकरांतली किती माझ्या हाताने बरी झाली, किती वाढत्या वयाने आणि किती नुसती तहानलेली होती, हे मला सांगता येत नाही. मी ताप विचारला नाही, पाणी विचारलं नाही. मणके तेवढे मोजले.

मघाशी दारात यमुना माझ्या पाया पडली. म्हणाली, “डाक्टर, जायच्या आधी पिंकीच्या कमरेला एकदा हात लावा. ती पन अंथरूनात करते.” पिंकी तिची धाकटी, पाच वर्षांची. मी म्हटलं, यमुने, हात लावणार नाही. तिला दिवसभर पाणी पाज, वेळच्या वेळी संडासला ने, मुलांच्या डॉक्टरला दाखव.

ती म्हणाली, “पानी कुठशी आनू? आनि दिवसा तिला नेनार कोन, मी तं बाजारात.”

 मी म्हटलं, सुरुचीचं काय झालं ते विसरलीस का?

“तिचं नशीब खोटं. तुमच्या हाताला दोष नाय. तीस खुना झाल्याच होत्या ना?”

मी जितेशची वही पाहिली. उद्या सकाळी पहिलं नाव पिंकीचं आहे. जितेश, मी तुला दाबायला शिकवलं, नको म्हणायला शिकवलं नाही. ते मलाच येत नव्हतं. आता सांगतोय, तर तू खाली बघतो आहेस. तुझंही घर चालायला हवं, हे मला कळतं.

मंडळाने शाल-श्रीफळ दिलं, आपण सगळे कामधाम सोडून आलात, त्याबद्दल मनापासून आभार. बोलताना कोणाचं नाव राहिलं असेल, शब्द कमीजास्त झाला असेल, तर आपण मोठ्या मनाने सांभाळून घ्याल. हातून जे झालं, त्याची माफी मला सुरुचीकडे मागायची होती. पण आज तिचा डायलिसिसचा दिवस आहे. ती आलेली नाही.