माळ्यांचा आजार

दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलेल्या शिंपीणबाईंच्या शेजारी एक म्हातारं जोडपं येऊन टेकलं. डॉक्टरांना दाखवून झालं होतं, औषधं मिळायची होती. आजींच्या हाताला पट्टी होती.

“काय म्हणाले गं ते नाव?”

“स्पोरोट्रायकोसिस. बुरशी असते म्हणे. गुलाबाचा काटा टोचला की आत शिरते. माळ्यांना होतो हा आजार.”

“गुलाब लावतो मी. काटे टोचतात मला. आणि आजार तुला?”

“झाला खरा.”

“तू तर गुलाबांना सवती म्हणतेस. बागेत पाऊल टाकत नाहीस.”

“नाहीच टाकत.”

“मी हॉस्पिटलात पडलो होतो तेव्हा छाटणी कोणी केली?”

“सांगितलं ना, शेजारच्यांनी.”

“त्यांना मी तोंडावर विचारलं, गुलाब छाटलेत की हजामत केलीत?”

“निमूट ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी. मी शपथ घातली होती.”

“अगं, पण कशाला?”

“घरी आल्या आल्या तुम्ही आधी गुलाबांकडेच बघणार. ते वाळलेले दिसले असते, तर पुन्हा अंथरूण धरलं असतंत.”

शिंपीणबाईंचा नंबर पुकारला. त्या पिशवीत चष्मा शोधू लागल्या. तो त्यांच्या नाकावरच होता.

“फार खाली कापलेस.”

“असेल.”

“हातमोजे फडताळात होते, खुरप्यामागे.”

“पुढच्या खेपेला घालीन.”

“पुढच्या खेपेला मी कापीन. तू नुसती जवळ उभी राहा.”