इंजेक्शन दोनदा दिले, ते मी पाहिले

नाव: रुग्ण असल्यामुळे बंद पाकिटात स्वतंत्र दिले आहे. वॉर्डात 'टेलरभाऊ' म्हणतात. वय: ४४ वर्षे. व्यवसाय: शिंपीकाम. राहणार: मनोरुग्णालय, बंदिस्त विभाग, वॉर्ड तीन.

पोलीस साहेबांनी विचारल्यावरून मी स्वतः समोर बसून, कोणाच्या दबावाशिवाय सांगतो ते असे:

व्यवसायाच्या रकान्यात साहेबांनी आधी 'रुग्ण' लिहिले होते. ते मी खोडायला लावले. रुग्ण हा काही व्यवसाय नव्हे.

मला स्किझोफ्रेनिया आहे. अकरा वर्षांपूर्वी आजाराच्या भरात माझ्या हातून थोरल्या भावाला कात्री लागली. तो वाचला. न्यायालयाच्या हुकमाने मी इथे आहे. पहिली चार वर्षे औषध इतके जड होते की तोंडातून लाळ गळायची आणि सुईत दोरा ओवता येत नसे. नंतर आलेल्या डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलली आणि मात्रा हळूहळू उतरवत आणली. आता रोज एक गोळी घेतो. कोणी तोंड उघडून बघायची गरज पडत नाही. वॉर्डातल्या सगळ्या चादरी आणि सदरे मीच शिवतो.

गेल्या मंगळवारी सकाळी मी शिवलेल्या चादरी द्यायला शिवणखोलीतून वॉर्डात आलो. खिडकीजवळच्या खाटेवर मास्तर होते. ते शाळेत गणित शिकवायचे, इथे येऊन त्यांना आठच दिवस झाले होते. ते मोठ्याने पाढे म्हणत होते. दहा चाळीसला मोठ्या सिस्टरने डॉक्टरांची लेखी सूचना वाचून त्यांना शांत होण्याचे इंजेक्शन दिले, वहीत वेळ लिहिली आणि ती शेजारच्या वॉर्डात गेली. समोरच्या भिंतीवर घड्याळ आहे.

मास्तर थांबले नाहीत. औषध चढायला वेळ लागतो, हे मला स्वतःच्या अनुभवाने माहीत आहे. ड्युटीवरचा अटेंडंट वैतागला. अकराला त्याने ट्रॉलीवरून तेच औषध भरून घेतले. मी म्हणालो, "अहो, सिस्टरने आत्ताच दिलंय."

तो म्हणाला, "तू कधी डॉक्टर झालास? गप बस, नाहीतर तुलाही टोचतो."

त्याने मास्तरांना दुसरे इंजेक्शन दिले आणि रिकामी बाटली ट्रॉलीखालच्या टोपलीत टाकली. मी गप्प बसलो. दहा मिनिटे गप्प बसलो. हेही लिहून घ्यावे.

मास्तर एकोणतीसच्या पाढ्यात मधेच थांबले. मी जवळ गेलो. ओठ निळसर दिसले. घड्याळाकडे बघून श्वास मोजले. मिनिटाला सहा. हाक मारली, चिमटा काढला, जाग नाही. अटेंडंट म्हणाला, "झोपलाय, झोपू दे." मी स्टीलचा पेला घेऊन दाराच्या गजांवर वाजवायला सुरुवात केली.

मोठी सिस्टर धावत आली. अटेंडंट म्हणाला, "याचं डोकं फिरलंय, याला आधी एक द्या." मी पेला खाली ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिलो.

सिस्टर म्हणाली, "टेलरभाऊ, काय झालं ते एका दमात सांगा."

मी सांगितले. दहा चाळीसला एक, अकराला दुसरे, श्वास सहा, दुसरी रिकामी बाटली ट्रॉलीखालच्या टोपलीत. तिने अटेंडंटला काहीही विचारले नाही. ती सरळ ऑक्सिजनकडे पळाली. मास्तरांची मान सरळ धरायला तिने मलाच बोलावले. डॉक्टरीणबाई येईपर्यंत मी मान धरून होतो.

मास्तरांना मोठ्या दवाखान्यात नेले. दोन दिवसांनी शुद्धीवर आले. आता बरे आहेत, पाढे हळू म्हणतात.

अटेंडंटचे म्हणणे आहे की मला भास होतात, म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नये. मला अजून आवाज ऐकू येतात का, असे साहेबांनी विचारले. अधूनमधून येतात. पण ते मला शिव्या देतात, घड्याळातली वेळ सांगत नाहीत. आणि ती बाटली नंतर टोपलीतून सिस्टरने काढली, मी नाही.

परवा वहिनी भेटायला आली होती. तिच्याबरोबर भाऊही आला होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा. फारसे बोलणे झाले नाही. जाताना वॉर्डाच्या दारातल्या शिपायाला तो म्हणाला, "तो माझा धाकटा भाऊ." मी आतून ऐकले. हा आवाज भावाचाच होता, सिस्टरनेही ऐकला.

न्यायालयात बोलावल्यास मी येईन. तारीख चार दिवस आधी कळवावी, नवा सदरा शिवायचा आहे.

हा मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, त्यानंतर मी स्वतःही वाचला. एका जागी 'रुग्ण बडबडत होता' असे लिहिले होते, ते 'साक्षीदाराने सांगितले' असे करून घेतले. बाकी सर्व माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. अंगठा नको म्हणालो. सही केली आहे.