दगडाचं वाक्य

शैलावहिनी, शाळाशाळांतून आलेले गुरुजी आणि बाई, सरांचे जुने विद्यार्थी, आणि पुढं सतरंजीवर बसलेल्या मुलांनो,

मी सुलभा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलंय, पण बोलताना ऐकलेलं नाही. मी पडद्यामागची बाई. भास्कर सर पुढं, मी मागं, हातात सुई आणि तोंडात टाचण्या. तोंडात टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही, ही त्यातली मोठी सोय. आज सर नाहीत, टाचण्याही नाहीत. त्यामुळे अडखळले तर सांभाळून घ्या.

मुलांच्या नाट्यशिबिरांच्या या कामात मी आले ती पंधरा दिवसांसाठी. इथंच इंदिरानगरात शिवणकामाचे क्लास घेत होते. सर दारात येऊन म्हणाले, "ताई, तीस मुलांना पोशाख हवेत, कापड मात्र फक्त जुन्या साड्यांचं आहे." मी हो म्हटलं. त्या पंधरा दिवसांची बारा वर्षं कधी झाली, कळलं नाही. एक पत्र्याची ट्रंक, ती एसटीच्या टपावर, आणि आम्ही दोघं आत, मिळाली तर खिडकीशी. आज देवळा, पुढच्या आठवड्यात पेठ, मग सुरगाणा. शाळेच्या व्हरांड्यात झोपलो, आश्रमशाळेच्या ताटात जेवलो. कुठं नागलीची भाकरी, कुठं पातळ वरण. सरांनी कधी नाक मुरडलं नाही. मी मुरडलं, खोटं कशाला बोलू?

सरांचा एक नियम होता. शिबिरातल्या प्रत्येक मुलाला नाटकात एक वाक्य. एक तरी. आणि ते वाक्य त्या मुलानं स्वतः शोधायचं. सर लिहून देत नसत. कुणी झाड असेल, कुणी विहीर असेल, पण मुकं कुणी नाही. गुरुजी लोक हसायचे. "सर, आता झाड काय बोलणार?" सर म्हणायचे, "मला काय माहीत? झाडाला विचारा."

आज मला त्या नियमाचीच गोष्ट सांगायची आहे. यात चूक माझी आहे, ती आज सगळ्यांसमोर कबूल करते.

सुरगाण्याकडची एक आश्रमशाळा. नाटक नदीवरचं. त्यात एक मुलगी होती, जाई. चौथीतली असेल. तिनं आपणहून दगड मागून घेतला. नदीकाठचा, कपडे धुवायचा दगड. मी तिला गोणपाटाचा झगा शिवला. सहा दिवस ती त्या गोणपाटात बसून राहिली. वाक्य काही सुचेना. सातव्या दिवशी, प्रयोगाच्या सकाळी, धावत सरांकडं आली. "सर, सुचलं. पन आता नाय सांगायची. नाटकात सांगीन."

सर इतके खूश झाले, की लागोपाठ दोन कप चहा प्यायले.

माझ्या वहीत प्रत्येकाचं वाक्य लिहिलेलं असायचं. कोण कधी बोलणार, पडदा कधी ओढायचा, सगळं त्या वहीत. जाईचं वाक्य कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून तिच्यापुढची जागा रिकामी राहिली. नाटक संपत आलं तेव्हा पाहुण्यांना निघायची घाई झाली आणि त्यांना गाडीपर्यंत सोडायला सरांना जावं लागलं. इकडं धुणं धुणाऱ्या मुली आत गेल्या. मी वही पाहिली. पुढं काही लिहिलेलं नव्हतं. मी पडदा ओढला. पडदा म्हणजे दोरीवरच्या दोन चादरी. टाळ्या वाजल्या, आम्ही ट्रंक भरली आणि दुपारची एसटी पकडली.

घाट उतरल्यावर सरांनी अगदी उत्सुकतेनं विचारलं, "काय म्हणाला हो दगड?"

मी पिशवीतली वही काढून जाईच्या नावापुढची रिकामी जागा दाखवली. सरांना कळलं.

ते ओरडले नाहीत. उठले आणि कंडक्टरला म्हणाले, "पुढच्या फाट्यावर उतरवा." कंडक्टर म्हणाला, "मास्तर, हितं काय हाय? मागं जायला गाडी नाय लवकर." सर म्हणाले, "दगड राहिलाय आमचा." कंडक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

खरं सांगते, मला राग आला होता. दुसऱ्या दिवशी देवळ्याला शिबिर होतं. फाट्यावर उन्हात ट्रंकेवर बसून मी म्हटलं, "सर, पुढच्या वर्षी येऊ तेव्हा ऐकू की." ते म्हणाले, "पुढच्या वर्षी ती बोलणार नाही." एक काळीपिवळी जीप मिळाली. तिच्यात आम्ही आणि कोंबड्यांची खुराडी. पोचलो तेव्हा मुलं मैदानात खेळत होती. मी म्हटलं, "तिला बोलवू, वाक्य ऐकू आणि निघू." तेव्हा सर जे बोलले ते मी कधी विसरले नाही. म्हणाले, "सुलभाताई, एकटीला उभं करून म्हणायला लावलं तर ती शिक्षा होईल. तिचं वाक्य नाटकातच यायला पाहिजे."

मग अख्खं नाटक पुन्हा झालं. पाहुणे नाहीत, चादरी नाहीत. मुख्याध्यापक कुरकुरले, मग तेही मांडी घालून बसले. शेवटी धुणाऱ्या मुली आत निघाल्या, आणि गोणपाटातून आवाज आला.

"ए बायांनो, हळू आपटा. मालाबी लागतं."

सगळी शाळा हसली. स्वयंपाकाच्या मावशी तर डोळे पुसून हसल्या. जाईनं गोणपाटातून डोकं बाहेर काढून पाहिलं, कोण कोण हसतंय ते. तिचा तो चेहरा मी अजून विसरले नाही. ती आज कुठं आहे, मला माहीत नाही. पण जिथं असेल तिथं गप्प बसत नसेल, एवढी खात्री आहे.

आता माझं सांगते. या बारा वर्षांत सर मला किती वेळा म्हणाले असतील, "सुलभाताई, उद्याचा तास तुम्ही घ्या." मी दरवेळी म्हणायचे, "शिवणकाम राहिलंय." ते म्हणायचे, "बरं." पुन्हा महिन्याभरानं तेच. त्यांनी कधी रेटलं नाही आणि विचारायचंही सोडलं नाही. शिवणकाम कधीच राहिलेलं नसायचं. मला भीती वाटायची. त्यांना ते माहीत होतं.

सर गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी त्र्यंबकच्या पुढच्या एका शाळेतून फोन आला. सोमवारपासून तिथं शिबिर ठरलेलं आहे. गुरुजी म्हणाले, "ताई, रद्द धरू का? पोरांनी मुखवट्यांसाठी पुठ्ठे गोळा करून ठेवलेत. त्यांना काय सांगू?" मी म्हटलं, "कळवते." काल सरांच्या घरी गेले तर वहिनींनी विचारलं, "ट्रंक माळ्यावर टाकू का?" त्यांनाही मी म्हटलं, "कळवते."

दोघांनाही आज कळवते. वहिनी, ट्रंक माळ्यावर टाकू नका. गुरुजी, तुम्ही मागं बसलेले दिसताय मला. पुठ्ठे राहू द्या. उद्या सोमवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं मी येतेय. मला सरांसारखं जमणार नाही. मुलं हसली तर हसू देत.

सर पहिल्या तासाला मुलांना डोळे मिटायला सांगायचे आणि म्हणायचे, "सगळ्यात लांबचा आवाज शोधा." आपण उभं राहून तेवढंच करू. हात जोडायचे, डोळे मिटायचे आणि लांबचा आवाज ऐकायचा. मुलांनो, तुम्हाला येतं हे, मोठ्यांना शिकवा.

त्याआधी एवढंच.

सर, उद्याचा तास मी घेते.