बासरीवृंद अन् मे महिन्यातला कूलर

…अन् वरून आमची बायको शामला म्हणते, "तुमचं काय, नुसतं फुकणं!" नुसतं? तुमाले सांगतो, फुकाले काय लागते, कोणीही फुकते, पण सूर निघाला पायजे ना!

आता हा बासरीवृंद निघाला कसा, ते ऐका. आमचे शेजारी देवरावभाऊ, बँकेतून रिटायर, धंतोलीतल्या दवाखान्यात त्यांचं बायपास झालं. डॉक्टर म्हणे, छातीसाठी रोज फुगे फुगवा. भाऊले आली लाज, या वयात फुगे? त्यांनी आणली बासरी! अन् एकट्यानं काहून फुकावं, म्हणून सकाळी फिरणारे आम्ही सगळे धरले. धरमपेठेत त्यांच्या गच्चीवर क्लास सुरू! ज्याले जी आवडली ती त्यानं आणली, कोणाची लांब, कोणाची आखूड, प्रत्येकीची पट्टी अलग… सगळ्यांनी मिळून पहिला सा लावला तं खालच्या मनकर्णाकाकू धापा टाकत वर, "कोणाले काही झालं का गा?" झालं काहीच नव्हतं, पण सूर निघाला पायजे ना! मग एका पट्टीच्या बासऱ्या आणल्या, अन् खरं सांगतो, ज्या दिवशी सगळ्यांचा मिळून एक सा लागला, माझ्या डोळ्यांत पाणी आलं बावा.

पण शामला? मी घरी बासरी काढली की हिचा मिक्सर सुरू! म्हणून पहिला कार्यक्रम ठरला तेव्हा मी मनाशी म्हटलं, हिच्या तोंडून एकदा तरी 'छान' ऐकीन.

कार्यक्रम कधी, तं मे महिन्यात! नागपुरात! कलाकारांले गरमी नको म्हणून देवरावभाऊंनी हॉलमधला मोठा कूलर आमच्या बाजूलेच लावला. आम्ही फुकून राहिलो, अन् कूलरची हवा आमची फुंक उडवून नेऊन राहिली. सूर निघाला पायजे ना! भाऊ म्हणाले, कूलर बंद करा. केला. पहिली गत संपायच्या आत लोक पत्रिकेनं वारा घेऊन राहिले, मागची रांग तं उठलीच. शेवटी मनकर्णाकाकू उभ्या झाल्या, "कूलर लाव गा, बासरी राहू दे!"

लावला. मग काय… बोटं चालून राहिली, मुंड्या डुलून राहिल्या, अन् हॉलभर एकच आवाज, घुर्रर्र! पण सांगतो, एक माणूस उठला नाही. वरून टाळ्या!

घरी येताना स्कूटरवर मागून शामला म्हणाली, "आज छान वाजवलं तुमी."

मी म्हटलं, "मेहनत घेतली ना वं."