गेटवरच्या हिरव्या बाटल्या

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. आईने ताकीदच दिली होती, "शीलू, गच्चीवर विमानाचं इंधन बनवतेय असं बोललीस ना, तर सेक्रेटरी उदयकाका आगीचा बंब बोलावतील," म्हणून मी गप्प, तशीही मी गप्पच असते... पण तुम्हाला सांगते, गप्प बसले म्हणूनच सगळा घोळ झाला.

घोडबंदरच्या खाडीतून शेवाळ आणलं, बाटल्यांत भरून गच्चीवर उन्हात वाढवलं, कारण शेवाळातून तेल निघतं आणि त्या तेलाचं विमानाचं इंधन होतं, परवा शाळेत प्रदर्शन, आणि आज गच्चीवर जाते तर काय? एकही बाटली नाही. धावत खाली आले, तर सगळ्या गेटवर, ओळीने! कुत्र्यांनी घाण करू नये म्हणून लोक गेटवर निळीच्या पाण्याच्या बाटल्या ठेवतात, माहितीये, पण माझ्या हिरव्या होत्या ना?

तळमजल्यावरच्या हंसाबेन म्हणाल्या, "बेटा, ब्लू पाण्याला कुत्ते आता डरतच नाय, म्हणून तुझा ग्रीनवाला आणला."

उदयकाका म्हणाले, "रंग छान आहे, राहू दे."

राहू दे? अहो, विमानाचं तेल आहे ते... पण बोलायचं नाही ना.

काका म्हणाले, अजून चार बनव, मागच्या गेटलाही लागतील. मी मान खाली घातली. बोलायचं नाही ना.

एवढ्यात एक कुत्रा आला, त्याने पहिली बाटली हुंगली, दुसरी हुंगली, आणि तिसरीवर निवांत पाय वर केला. मग मात्र मी बोलले.

"काका, हे विमानाच्या इंधनाचं शेवाळ आहे आणि मी ते परत नेणार."

काका दोन पावलं मागे. "म्हणजे पेट्रोल?"

"नाही, अजून नुसतं शेवाळच आहे."

"यात विमान किती लांब जाईल?"

"कुठेच नाही. चमचाभरसुद्धा तेल निघणार नाही यातून. पण निघतं, हे मी दाखवणार."

हंसाबेन म्हणाल्या, "ते दाखव तू, पण कुत्ते कोण हाकलणार?"

"मी."

आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत ठणकावून बोलले, आणि काय बोलले बघा. आता बाटल्या गच्चीवर, आणि मी गेटवर, वॉचमनच्या स्टुलावर, हातात काठी. असू दे. तुम्ही थांबलाच आहात तर ऐका, तेल काढायचं म्हणजे आधी शेवाळ गाळायचं, मग ते उन्हात वाळवून त्याची...

"शीलू, ए शीलू, कुत्ता आया!"

आले, हंसाबेन.