ठिपका खोटं बोलत नाही

...नाही, पण मी काय म्हणतो, अंगात चोळी घालून फुटबॉल खेळायचा म्हणजे काय? हसू नका! चोळीच ती. छातीपुरती, काळी, घट्ट, आणि पाठीला दोन खांद्यांच्या मधोमध एक खिसा, त्या खिशात काडेपेटीएवढं यंत्र. ते यंत्र म्हणे उपग्रहाला विचारून सांगतं, हा माणूस आत्ता मैदानात कुठे आहे. आता मला सांगा, माणूस मैदानात कुठे आहे हे बघायला उपग्रह कशाला हवा? मी आहे ना रेषेवर उभा! डोळे आहेत, डोळ्यांवर चष्मा आहे, आणि आवाज तर असा आहे की... जाऊ द्या, आवाजाचं पुढे येईलच.

तर मी क्लबचा कोच. पोरं तोंडावर 'सर' म्हणतात आणि पाठ फिरली की 'भोंगा'. मला माहीत आहे, मी बहिरा नाही. डावा बॅक म्हणजे आमचे चिरंजीव. घराणेशाही म्हणू नका हं, तो बरा खेळतो म्हणून आहे, आणि खरं सांगायचं तर डाव्या पायाचा दुसरा कोणी मिळत नाही. आणि ही चोळी आमच्यात आणली कोणी? चिरंजीवांच्या बायकोने! आमच्या सूनबाईंनी! संख्याशास्त्र शिकलीय, आधी एका कंपनीत मालाच्या गाड्या कुठे अडकतात, का अडकतात, ते संगणकावर बघायची. आमचे अध्यक्ष, त्यांचं नळ आणि पाइपांचं दुकान आहे, त्यांनी एकदा घरी चहा पिता पिता तिला विचारलं, "गाड्यांचं जमतं, मग माणसांचं जमेल का हो?" ती म्हणाली, "जमेल की." झालं! घरी मला 'बाबा', मैदानावर 'सर', आणि माझं ऐकायचं नाही ते दोन्हीकडे सारखंच. बरं, खेळाडूवर ओरडता येतं. सुनेवर ओरडून बघा, घरात आमची ही आहे, मुलाच्या लग्नापासून ती तिच्याच संघात खेळते.

पण परिस्थितीच तशी होती. आम्ही हरत होतो, लपवून काय करू? आणखी दोन मॅच हरलो असतो तर रवानगी खालच्या गटात. आणि त्यात चिरंजीवांनी एकदा जेवताना, मान खाली घालून, हळूच सांगितलं, "बाबा, पुढच्या मोसमात मी नदीपलीकडच्या क्लबकडे जायचा विचार करतोय." मी म्हटलं, "का रे?" तर म्हणतो, "तिकडे पार्किंगची सोय चांगली आहे." पार्किंग! बापाचा क्लब सोडतो, पार्किंगसाठी? ताट तसंच सारून उठलो मी, तुम्हाला सांगतो.

तर सूनबाईंनी क्लबच्या खोलीत भिंतीवर मैदान दाखवलं. हिरवा चौकोन, त्यात आमचे अकरा निळे ठिपके, इकडून तिकडे पळतायत. मी म्हटलं, "यात चेंडू कुठाय?" म्हणाली, "सर, चेंडू सगळेच बघतात. आपण चेंडू नसलेली माणसं काय करतात ते बघायचं. दोघांमधलं अंतर किती, फळी एकत्र वर सरकते का, मोकळी जागा कुठे पडते." मी म्हटलं, "हे मी पोरांना जन्मभर ओरडून सांगतोय." म्हणाली, "हो सर, ते ओरडण्याचं आपण नंतर बघू." तेव्हाच मला कळायला हवं होतं!

मग रंगांचं चित्र. जिथे आमची पोरं जास्त वावरतात तिथे तांबडं, कमी वावरतात तिथे फिकट. आणि काय सांगू, पहिल्या हाफमध्ये डावी कड सगळी फिकट! जणू तिथे कोणी नुकतीच फरशी पुसलीय आणि पाय ठेवायची बंदी आहे! मी लगेच चिरंजीवांकडे वळलो, "बघ! आळशी! कड सोडून आत आत काय सरकतोस?" तर सूनबाई म्हणाली, "थांबा सर, दुसरा हाफ बघा." दुसऱ्या हाफमध्ये डावी कड अगदी छान, तांबडीबुंद, आणि उजवी कड फिकट! "आळशी असता तर दोन्ही हाफमध्ये आळशी असता ना?" मी म्हटलं, "अगं पहिल्या हाफमध्ये डोळ्यांवर ऊन येतं." "ढगाळ होतं, सर." "मग गवत खराब असेल." "गवत हाफटाइमला बदलत नाहीत, सर." आणि मग अगदी शांतपणे, चहात साखर किती घालू विचारावं तशी म्हणाली, "ठिपका खोटं बोलत नाही."

ठिपका खोटं बोलत नाही! म्हणजे खोटं मी बोलतो! तेव्हापासून हे वाक्य माझ्या मागेच लागलं. मी म्हणायचं मधली फळी दमते, ती म्हणायची दमत नाही, पळतायत भरपूर, फक्त भलतीकडे पळतायत, ठिपका खोटं बोलत नाही. एकदा घरी मी आमच्या हिला म्हटलं, मी काही बिस्किटं खाल्ली नाहीत, तर ही म्हणते, "तुम्हालाही एक ठिपका लावायला हवा."

आणि लावला हो! पुढच्या मॅचच्या आधी सूनबाई चोळी घेऊन आली. "बाबा," बरं का, मैदानावर असून 'बाबा', "तुम्ही मॅचभर किती चालता ते बघू या, तुमच्या तब्येतीसाठी." मला भरून आलं. म्हटलं, चला, घरात कोणीतरी माझा विचार करतंय. घातली. पोट खालून बाहेर, श्वास वर अडकलेला, तरी घातली, वर कोट चढवला आणि रेषेवर उभा राहिलो. हरलो ती मॅच. खालचा गट टाळायचा तर आता शेवटची मॅच जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा क्लबची खोली, पुन्हा भिंत, सगळा संघ, अध्यक्ष, सगळे. निळे ठिपके अकरा आणि या वेळी कडेला एक लाल ठिपका. सूनबाई म्हणाली, "सर, मी नेहमी दुसरा हाफ सोयीसाठी फिरवून दाखवायची, म्हणजे आपण कायम वरच्याच बाजूला गोल करतोय असं दिसतं. आज नाही फिरवला. मैदान जसं आहे तसं." आणि बघतो तर काय, पहिल्या हाफची फिकट पट्टी आणि दुसऱ्या हाफची फिकट पट्टी एकच! मैदानाची तीच एक कड! आणि त्या कडेला तो लाल ठिपका येरझाऱ्या घालतोय. तो पुढे आला की आमचे निळे मागे. तो मागे गेला की निळे पुढे. तो जागच्या जागी उड्या मारायला लागला की निळे पार पलीकडच्या कडेला जाऊन चिकटले!

आणि मी... काय सांगू तुम्हाला... मी उठून उभा राहिलो आणि म्हटलं, "वा! वा! हा लाल कोण? समोरच्यांचा ना? बघा, पोरांनो, बघा! चेंडूला हात नाही, पाय नाही, एकट्याने अख्खी कड बंद केली पठ्ठ्याने! याला म्हणतात दरारा! अध्यक्ष, काय वाट्टेल ते करा, पण हा माणूस आपल्याकडे आणा!"

अध्यक्ष छताकडे बघतायत, चिरंजीव बुटाची नाडी बांधतायत, बूट वेल्क्रोचा! शेवटी आमचा गोली, दारात मावणार नाही एवढा थोराड, पण आवाज मांजराच्या पिल्लाचा, तो म्हणाला, "सर... ते... तुम्हीच आहात." 

सूनबाईकडे बघितलं. तिने ते वाक्य म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती.

आता हसताय, हसा. पण मला वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. कारण त्या अकरा ठिपक्यांमध्ये माझ्यापासून सगळ्यात आधी पळणारा, मी नुसतं तोंड उघडलं की आत वळणारा ठिपका कोणाचा होता, ते मला आकडे न वाचताही कळत होतं. कसलं पार्किंग आणि कसलं काय.

अध्यक्ष म्हणाले, "शेवटच्या मॅचला तुम्ही घरीच थांबा, आराम करा." नळ बंद करावा तसं! तेव्हा सूनबाई मध्ये पडली. म्हणाली, "नाही नाही, सरांचा आवाज ही आपली ताकद आहे. फक्त जागा चुकलीय. सरांपासून पोरं लांब पळतात ना? मग सरांना आपल्याच गोलच्या मागे उभं करू. पोरं पळतील कुठे? पुढे!" मी म्हटलं, "अगं, कोचला गोलमागे उभं राहता येत नाही, रेफरी हाकलेल." म्हणाली, "अध्यक्ष कोच म्हणून रेषेवर उभे राहतील. तुम्ही प्रेक्षक. प्रेक्षकाला ओरडायला कोणाची परवानगी लागत नाही."

आणि मी उभा राहिलो हो! काय करता? मॅच सुरू झाली, मी मागून सुरू झालो, "वर चला! फळी वर! अरे झोपलात काय!" आणि संघ असा पुढे सरकला, असा सरकला, तुम्हाला सांगतो, की गोलीसुद्धा कानात कापूस घालून अर्ध्या मैदानात जाऊन उभा! हाफटाइमला बाजू बदलल्या, मी सगळ्या मैदानाला वळसा घालून पलीकडच्या गोलमागे. पुन्हा सुरू. शेवटी गोल झाला. कोणी मारला? मला काय माहीत! मी होतो या टोकाला, गोल झाला त्या टोकाला, मला दिसली फक्त एकमेकांवर पडलेली माणसं. नंतर भिंतीवर बघितला. चिरंजीव डाव्या कडेने, रेषेला अगदी चिकटून वर गेले, तिथून क्रॉस दिला, आणि गोल. वाचलो.

तेव्हापासून हेच चाललंय. मॅचच्या आदल्या दिवशी सूनबाई चित्र काढून देते, पहिली दहा मिनिटं गोलमागे, मग कॉर्नरच्या झेंड्यापाशी, मग उजव्या कडेला जरा खोकून यायचं. मी कोच होतो हो, आता डावपेच झालोय!

आणि चिरंजीव गेले नाहीत नदीपलीकडे. परवा गाडीतून परत येताना मी विचारलं, "काय रे, का राहिलास?" म्हणाला, "बाबा, आता मागून तुमचा आवाज आला ना, की मला बरं वाटतं." मी म्हटलं, "खरंच सांगतोस?" म्हणाला, "हो ना. म्हणजे कळतं, की तुम्ही तिथेच आहात."

तर आता मी तिथेच असतो.